तिसाव्या मिनिटाचं रीडिंग

"केतकी, जर्नल दे ना गं! तालमीत माझं सगळं लिहायचं राहिलंय," शाल्मली लॅबच्या दारातूनच ओरडली. गालावर अजून एकांकिकेतल्या म्हातारीच्या सुरकुत्या होत्या.

केतकीच्या पोटात दुखलं. ही बया नाटक करते, कॉलेजच्या अंकात लिहिते, तरी रसायनशास्त्रात आपल्यापुढे दोन गुण असतेच! प्रयोग दोघींनी मिळून केला होता, पण रीडिंग केतकीनेच टिपली होती. सरांची सही होईपर्यंत ती पेन्सिलने लिहायची पद्धत होती. केतकीने पाठ फिरवून तिसाव्या मिनिटाचं १८.६ खोडलं, १६.८ लिहिलं आणि जर्नल दिलं. आपलं नंतर सुधारता येईल, ही मात्र सरांसमोर तोंडघशी पडेल.

दुसऱ्या दिवशी दुपारी शाल्मली जर्नल घेऊन आली.

"अगं, आलेखात एक बिंदू रेषेबाहेर जात होता. सकाळी लॅब उघडल्या उघडल्या प्रयोग पुन्हा केला. तुझे आकडे उलटसुलट झाले होते. दमतेस तू, बाई! तुझ्या जर्नलमध्येही दुरुस्त केलंय. संध्याकाळी नाटकाला ये हं, पहिल्या रांगेत जागा धरलीय."

केतकीने पान उघडलं. दोनदा खोडून कागद पातळ झाला होता. उजेडात धरल्यावर तिच्याच अक्षरातल्या पहिल्या १८.६चा ठसा स्पष्ट दिसला. तो शाल्मलीलाही दिसला असणारच.

शाल्मली इतका सुंदर अभिनय करते, हे केतकीने आज पहिल्यांदाच पाहिलं. तिला त्याचाही हेवा वाटला.