सहादेव सोनाराचा हलका हात

"आज पळालीस तर ह्या बुगड्या शेगडीत जात्यात, सांगून ठेवते," दगडाबाई भाचीला म्हणाली आणि फडक्याची गाठ सोडून तिनं त्या सोनारापुढं ठेवल्या. "हिच्या आबानं तसंच सांगून धाडलंय, दादा. पोरीनं कान टोचून घेतलं तर बरं, न्हाईतर आटवा आन् डोरल्यात घाला."

सहादेव सोनारानं फुंकणी खाली ठेवली. बनूनं पेटत्या शेगडीकडं पाहिलं, मग बुगड्यांकडं. मोत्यांचे दोन इवलेसे झुबके. दोन वर्षांपूर्वीपर्यंत ते आईच्या कानाच्या वरच्या कडेला असायचे. आई भाकरी थापायला वाकली की चुलीच्या उजेडात चमकायचे.

बनू पंधराची. वैशाखात तिचं लग्न होतं आणि लग्नात आईच्या बुगड्या घालायच्या, एवढाच तिचा हट्ट होता. तरी मिरजगावातल्या ह्याच पाटावरून ती दोनदा पळाली होती. पहिल्यांदा तार बघून, दुसऱ्यांदा न बघताच. खालच्या पाळ्या तान्हेपणीच टोचलेल्या, त्याचं काही आठवत नव्हतं. वरची कड मात्र टणक, तिथं तार जाताना कुर्र आवाज होतो, असं गावातल्या पोरींनी तिला मोठ्या प्रेमानं सांगून ठेवलं होतं.

"न्हाई पळनार," बनू म्हणाली.

"मागच्या बारीला बी असंच म्हनली हुतीस," आत्या म्हणाली. पण तिनं पदरानं बनूचं तोंड पुसलं. आई गेल्यापासून पोरीचं सगळं तीच करत होती.

सोनाराची बायको गोजरबाई आतून पाणी घेऊन आली. "पायाला काय झालं वो, दगडाबाई?"

"वाटंत ठेच लागली. नख उखडलंय." आत्यानं पाय पुढं केला. अंगठ्यातून अजून रक्त येत होतं.

"हळद आन गं," सहादेव म्हणाला आणि फडताळाकडं वळून काहीतरी शोधू लागला. बराच वेळ शोधत राहिला. गोजरबाईनं अंगठ्यावर हळद दाबली आणि चिंधी बांधली.

सहादेवाच्या हाताचं नाव पार कर्जतपर्यंत होतं. त्याचा हात इतका हलका, की पोरींना टोचलेलं कळत नाही, असं बायका सांगत. त्याचा नेम एकच होता. टोचताना दार लोटलेलं, सोबतचं माणूस बाहेर ओट्यावर आणि पोरीचे डोळे मिटलेले. दागिना घडताना बघावा, टोचताना बघू नये, नजर पडली की कान पिकतो, असं त्याचा बाप सांगायचा म्हणे. कुणाचा कान पिकलाच, तर पोरीनं डोळे उघडले असणार, हे सगळ्यांना पटलेलं होतं.

लढाईपायी घासलेट मिळत नव्हतं. म्हणून झरोक्यातून ऊन पाटावर आलं तेव्हा त्यानं दगडाबाईला बाहेर बसवलं. बनूच्या दोन्ही कानांच्या वरच्या कडेला काडीनं काजळाचा ठिपका दिला. दोन्ही बाजू सारख्या आल्या का, ते दोऱ्यानं दोनदा मोजलं. सोन्याची तार दगडावर घासून तिला टोक काढलं आणि ती वाटीत ठेवली. गोजरबाईनं बांगड्या कोपरापर्यंत सारून त्यांवर फडकं बांधलं. बनूच्या तोंडात गुळाचा खडा घातला.

"आता मीट डोळं," सहादेव म्हणाला. "काकीचं हात धर घट्ट. नखं रुतली तरी चालत्यात."

बनूनं डोळे मिटले, हात पुढं केले. तिच्या हातांत दोन हात आले. राठ होते. भाकऱ्या थापून थापून आईचेही असेच झाले होते.

"मेव्हन्यासंगं मी घोडेगावच्या बाजारात गेल्तो," सहादेव सांगू लागला. "तिथं एक बैल बघितला. लई धिप्पाड, पर भित्रा. नुसती सावली पडली तरी..."

तो थांबला. कानाला बोटं लागली. त्यांना हळदीचा वास येत होता. कुर्र झालं, कानात एकदम जाळ झाला आणि निवला. बनू ओरडायचीही विसरली.

"एक झाला," सहादेव म्हणाला. "डोळं उघडू नगं. दुसरा ऱ्हायलाय."

तेव्हा बनूच्या ध्यानात आलं, की हातातले हात थरथरतायत. गार पडलेत, घामानं ओले झालेत. इतक्या पोरींचे कान टोचलेले बघूनही काकी तिच्यासाठी घाबरली होती. आई गेल्यापासून तिच्यासाठी कुणाचा हात असा थरथरला नव्हता. बनूला भरून आलं. स्वतःची भीती कुठल्या कुठं गेली.

"घाबरू नका, काकी," ती हळूच म्हणाली. "लई न्हाई दुखत."

बनूनं ते हात आणखी घट्ट धरले आणि अंगठ्यानं कुरवाळले. उजव्या कानाला बोटं लागली. पुन्हा कुर्र झालं आणि त्या हातांनी तिची बोटं अशी आवळली, की कानापेक्षा तीच जास्त दुखली. आता काकीला जरा धीर द्यावा म्हणून, सगळा नेम विसरून, बनूनं डोळे उघडले.

समोर सहादेव सोनार बसला होता. डोळे गच्च मिटलेले, ओठ पांढरे पडलेले आणि दोन्ही हात बनूच्या हातांत. कानाशी वाकलेल्या गोजरबाईनं तारेला शेवटचा पीळ दिला, बनूकडं पाहिलं आणि हळदीनं माखलेलं बोट आपल्या ओठांवर ठेवलं.