नुसता रस्सा

“अहो, मटण फक्त रविवारी. आणि नुसता रस्सा म्हणजेही मटणच, बरं का!” मनगटावर वेदनापट्टी बांधताना इंदुमतीने बजावलं होतं आणि हिंदुरावांनी देवापुढे हात जोडून ते कबूल केलं होतं. मटण जास्त झालं की त्यांच्या पायाचा अंगठा ठणके. पट्ट्या दोघांच्याही मनगटावर होत्या. त्यांच्या अंगठ्याची कळ त्या वाटून देत: अर्धी त्यांना, अर्धी तिला. राहिलेली अर्धी पथ्याची आठवण देईल, असं डॉक्टर म्हणाले होते.

मंगळवारी ते चुलतभावाच्या मळ्यावरून खुशीत परतले.

“बघ, अंगठा अगदी शांत. आमटी-भातच जेवलो.”

इंदुमती दिवा लावायला उठली ती भिंत धरूनच. देवापुढे मांडी घालणं जमेना, तिने उभ्यानेच हात जोडले.

“अगं, पायाला काय झालं?”

“काही नाही. पाहुण्यांत तुम्ही लंगडू नये म्हणून सकाळीच पट्टी फिरवून सगळी कळ माझ्याकडे वळवली होती.” ती हळूच हसली. “आमटी जरा तांबडीच होती वाटतं.”

हिंदुरावांची मान वर होईना. मटणाची फोड एकही खाल्ली नाही, हे ओठांवर आलेलं वाक्य त्यांनी गिळलं. तिचा हात हातात घेऊन त्यांनी पट्टी फिरवून सगळी कळ स्वतःकडे वळवली. अंगठ्यात निखारा पेटला.

उद्यासाठी वहिनीने दिलेला रश्शाचा डबा गाडीच्या डिकीत लपवलेला होता. तो काढून, परत द्यायला, लंगडत ते मळ्याच्या वाटेला लागले.