सोशिक गिऱ्हाईक

मेडिकलमधल्या रांगेच्या पडद्यावर कुमुदकाकूंचं नाव पुन्हा खाली सरकलं, आणि नुकताच आत शिरलेला, गाडीची किल्ली फिरवणारा एक जण औषध घेऊन गेलासुद्धा.

"हेमंत, ते माझ्या मागून आले होते रे," काकू म्हणाल्या.

"रांग आता यंत्र लावतं, काकू," दुकानदार हेमंत खाली मान घालून म्हणाला. "जो कंटाळून निघून जाईल असं त्याला वाटतं, त्याचा नंबर आधी. माणूस किती वेळ कळ काढेल, ते त्याला बरोबर कळतं. औषधाचं कपाटही तेच उघडतं. मी काय करू?"

घरी काकूंच्या यजमानांचा, नानांचा दम्याचा पंप संपला होता. खिडकीचे गज धरून ते श्वास ओढत बसले होते. जन्मात कुणाशी हुज्जत न घातलेल्या काकूंनी आवाज चढवला, "मग मी चालले दुसरीकडे." त्या तरातरा पायऱ्या उतरल्या.

दुसरीकडे कुठे जाणार? गावातल्या सगळ्याच मेडिकलांत हेच यंत्र होतं. खालून त्यांनी काचेतून हळूच पाहिलं. त्यांचं नाव तसूभरही वर चढलं नव्हतं. त्या परत येणार हे यंत्राने कधीच ओळखलं होतं.

काकू आत आल्या. त्यांच्या खुर्चीत एक बाई बसल्या होत्या. काकूंना पाहून त्या ओशाळून उठू लागल्या.

"असू दे, बसा तुम्ही," काकू सवयीने बोलून गेल्या.

पडद्यावर त्यांचं नाव आणखी एक घर खाली सरकलं.