तिसरी गोळी

"एकशे अडुसष्ट, एकशे चार." डॉ. अजिंक्य भोंडवे यांनी दंडावरचा पट्टा सोडला आणि फॉर्मवर 'अनफिट' लिहायला पेन उचललं.

समोर ज्योतीराम बसला होता. चाकणच्या त्या फोर्जिंग कंपनीत तो चौदा वर्षं क्रेन चालवत होता. लालभडक तापलेलं लोखंड भट्टीकडून हातोड्याकडे नेणारी क्रेन. तिच्या केबिनमध्ये चक्कर येणारा माणूस चालत नाही, हे त्याला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. तरी त्याचे दोन्ही हात मांड्यांवर घट्ट दाबलेले होते.

डॉक्टर कंपनीत यायला लागून दीडच महिना झाला होता. त्यांनी जुने कागद चाळले.

"तीन वर्षांत तीन औषधं. पहिल्याने खोकला लागला. दुसऱ्याने पाय सुजले, सेफ्टी शूज चढेनात. आता ही तिसरी, लघवीवाटे मीठ-पाणी काढणारी. हजारो पेशंटना वर्षानुवर्षं देऊन, दुसऱ्या औषधांशी ताडून पाहिलेली गोळी आहे ही. महागड्या गोळ्यांच्या तोडीस तोड उतरलेली. तुम्हालाच कशी लागू पडत नाही?"

उत्तराची वाट न बघता त्यांनी पेन फॉर्मवर टेकवलं.

"सर, एक मिनिट थांबता का?" विजयश्री म्हणाली. कंपनीच्या दवाखान्यात ती अकरा वर्षं नर्स होती. तिने कपाटातून एक लांबट वही काढली, पानं उलटली आणि बोट ठेवून वाचायला लागली. "दिवाळीला पंधरा दिवस गावी गेले होते. आल्या दिवशी एकशे छत्तीस. मे महिन्यात भाचीच्या लग्नाला आठ दिवस. आल्यावर एकशे चाळीस. मग दोन आठवडे कामावर गेले, की परत एकशे साठच्या वर."

तिने वही मिटली नाही. "ज्योतीरामभाऊ, गावाकडं गोळी घेता ना?"

"घेतो की."

"आणि इथं?"

बाहेर हातोडा पडत होता, त्याने टेबलावरची काचेची बाटली थरथरत होती.

"सिस्टर, क्रेन पस्तीस फूट उंच हाय," ज्योतीराम शेवटी म्हणाला. "एकदा चढलो की चार तास खाली येता येत न्हाई. गोळी घेतली की तासातासाला जावं लागतंय. मी उतरलो की खाली अख्खी लाइन बंद पडती. एक दिवस तर..." तो थांबला. "तवापासून कामाच्या दिवशी घेत न्हाई. डॉक्टरसायबांना हे कसं सांगावं? लाज वाटती."

"म्हणजे दर वेळी 'घेतो' म्हणून खोटं सांगत होतात?" डॉक्टरांचा आवाज चढला. "तुमच्यासाठी आणखी जालीम औषध सुरू केलं असतं मी!"

"सर," विजयश्रीने मधेच विचारलं, "ज्या हजारो लोकांवर ही गोळी ताडून पाहिली, त्यांच्यात क्रेनवाले किती होते?"

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं.

"माहीत नाही," ते म्हणाले.

मग त्यांनी हात पुढे करून वही मागितली. एक पान वाचलं, दुसरं वाचलं. सत्तर-ऐंशी माणसं होती त्यात. कोण कुठल्या मशीनवर, कुठली गोळी, कधीपासून, पुढे काय झालं. एका भट्टीवाल्यापुढे लिहिलं होतं, 'उन्हाळ्यात या गोळीने चक्कर. आधीच घाम फार.' एका वॉचमनपुढे, 'हीच गोळी सहा वर्षं. उत्तम.' ज्योतीरामच्या पायाला सूज आली ती तारीखसुद्धा होती, आणि त्या दिवशीचं प्रेशरही. ते चांगलं उतरलेलं होतं.

"हे लिहायला तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. डॉक्टर बदलत राहतात, सर. माणसं तीच असतात."

बाहेरच्या बाकावरून कुणीतरी खाकरलं. रांग वाढली होती. डॉक्टर तरीही आणखी चार पानं वाचून मगच ज्योतीरामकडे वळले. त्यांचा स्वर आता वेगळा होता.

"ही गोळी रोज घेतली ना, तर दोन-तीन आठवड्यांत लघवीचा जोर कमी होतो. तुम्ही सारखी सोडता, म्हणून दर वेळी पहिल्यापासून सुरू. आता शिफ्ट सुटल्यावर घरी जाऊन घ्यायची. रोज. आणि पाय सुजवणाऱ्या त्या दुसऱ्या गोळीची अर्धी मात्रा सोबत. अर्धीने पाय बहुतेक सुजणार नाहीत. सुजले तर लाजू नका, सिस्टरना सांगा. महिनाभर खाली काम करा, मग बघू."

फॉर्मवर त्यांनी 'अनफिट'च्या जागी 'महिन्याने फेरतपासणी' लिहिलं.

महिन्याने ज्योतीरामचं प्रेशर एकशे चौतीस, शहाऐंशी भरलं. डॉक्टरांचा विश्वास बसेना, त्यांनी दुसऱ्या हातावर पुन्हा घेतलं. तेवढंच. या वेळी फॉर्मवर त्यांनी 'फिट' लिहिलं.

त्यानंतरच्या आठवड्यात ते दोघं प्रथमोपचाराच्या पेट्या तपासायला भट्ट्यांच्या शेडमध्ये गेले. चालण्यासाठी जमिनीवर आखलेल्या पिवळ्या पट्ट्यांच्या आतून डॉक्टर पुढे चालत होते, चार पावलं मागे विजयश्री. वर क्रेन थांबली. केबिनच्या काचेमागून ज्योतीरामने हात उंचावला.

डॉक्टरांनीही हसून हात वर केला. मग त्यांच्या लक्षात आलं, तो त्यांच्या मागे बघत होता. त्यांनी हात खाली घेतला आणि विजयश्रीला वाट देत बाजूला सरकले.