बशीतला ठोका

काचेच्या बशीतला तो तुकडा एकटाच धडधडत होता. नखाच्या टोकाएवढा, फिकट गुलाबी. ना रक्त, ना नस, ना कुणाची छाती. तरी आकसायचा, सैल पडायचा, पुन्हा आकसायचा. सूक्ष्मदर्शकाला जोडलेल्या पडद्यावर तो तळहाताएवढा दिसत होता. चाकाच्या खुर्चीत बसलेल्या शिवणकामवालीच्या अंगावर काटा आला.

तिच्या हृदयात फारसा जोर उरला नव्हता. जिन्याच्या चार पायऱ्या चढली की ओठ निळे पडायचे. हृदय बदला, असं सगळे सांगत होते. ती ऐकत नव्हती. "कुणाच्या तरी मरणाची वाट बघत बसू?" म्हणायची. नवरा बसगाड्यांचा मेकॅनिक. तो हसण्यावारी न्यायचा. "इंजिन बदलायचं नाही म्हणते, आहे त्याचंच काम काढा!" शोधता शोधता दोघं या प्रयोगशाळेपर्यंत आली होती. तिच्याच हृदयाचा कणभर तुकडा काढायचा, त्यातल्या पेशी वाढवायच्या आणि पुन्हा तिच्याच हृदयात सोडायच्या. प्रयोगच होता. हमी कुणी देत नव्हतं.

"बाकीच्या बशांमधलं काही जगलं नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "हा एकच तग धरून आहे. पण ताई, या पेशी तुमच्या नाहीत."

"म्हणजे, अदलाबदल केलीत की काय?" नवऱ्याचा आवाज चढला.

"आम्हालाही तेच वाटलं. म्हणून तर पुन्हा तुकडा काढला. पुन्हा तेच. यांच्या हृदयात दुसऱ्या कुणाच्या तरी पेशी आहेत. पुरुषाच्या." त्यांनी खुर्ची तिच्याजवळ ओढली. "पोटातल्या बाळाच्या पेशी कधीकधी आईच्या रक्तात उतरतात. तिच्यातच राहून जातात, वर्षानुवर्षं. तुम्हाला मुलगा आहे का?"

"आम्हाला मूलबाळ नाही," नवरा लगेच म्हणाला. विचारणाऱ्या प्रत्येकाला तो हेच सांगत आला होता.

खोलीत कुठलंसं यंत्र घुमत होतं. पडद्यावरचा तुकडा आकसत होता, सैल पडत होता.

"सातवा महिना होता," ती हळूच म्हणाली. "मला शुद्ध आली तेव्हा सगळं आवरलेलं होतं. विसरून जा म्हणाले. मुलगा की मुलगी, तेही कुणी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही."

"या पेशी परत आत सोडायच्या की नाहीत, ते तुम्ही ठरवा," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"सोडा. त्याला बाहेर एकटा ठेवू नका."

नवरा उठून पडद्यापाशी गेला. त्याने काळं तेल मुरलेलं बोट त्या तुकड्याजवळ नेलं, पण टेकवलं नाही.

"मुलगाच होता," तो म्हणाला. "मीच नेला, कापडात गुंडाळून. पण तेव्हा हलत नव्हता गं."