कालव्याकाठची पांढरी रेघ

खट्! दुपारच्या शांततेत फाटकाशी सायकलचं कुलूप आपोआप लागलं. झोळीतलं बाळ चुळबुळलं.

"आई, सायकल रुसली बघ! हलतच नाही," सात वर्षांची ओवी ओरडली.

मनवा तशीच धावली. लहान मुलांच्या सायकली आता नकाशा वाचूनच चालत. नकाशात 'स्वतंत्र सायकलमार्ग' असेल, तिथेच चाकं सुटत. आणि नकाशा लिहिणारे तिच्यासारखेच घरोघरचे लोक. फाटकासमोरच्या कालव्याकाठच्या रस्त्याला जो तो आपल्या मनाने 'सुरक्षित', 'बरा', 'चालेल' असं म्हणत 'स्वतंत्र' लिहून टाकायचा. आज सकाळी बाळाला पाजता पाजता तिनेच फोनवरून सगळ्यांना पटवलं होतं, की वाटतं ते नको, दिसतं ते लिहू या. गाड्या आणि सायकलींच्या मध्ये कठडा असेल तरच 'स्वतंत्र', नुसती रेघ असेल तर 'रंगवलेला पट्टा'.

कालव्याकाठी कठडा नव्हताच. नुसती पांढरी रेघ होती, चाकांखाली पुसत आलेली. म्हणून नकाशात तो आता 'रंगवलेला पट्टा' झाला होता.

"आजपासून तिकडून शाळेत नाही जायचं, बाळा. शेजारून ट्रक जातात."

ओवीनं हेल्मेट काढलं. "ट्रक तर कालपण होते. मग काल तू मला हसून टाटा का केलास?"