शहाण्णव किलोहर्ट्झ

पायलच्या उत्तरपत्रिकेवर दोन आकडे होते आणि ते जुळत नव्हते. गणिताने ब्याऐंशी किलोहर्ट्झ, मोजून शहाण्णव. परीक्षकांनी दोन्हींखाली लाल रेघ ओढली.

डिप्लोम्याचं हे एकच प्रॅक्टिकल तिचं राहिलं होतं आणि ही शेवटची संधी होती. आज नापास म्हणजे तीन वर्षं पाण्यात. म्हणून चांदूर रेल्वेहून पहिल्या गाडीने अमरावतीला येऊन तिने सगळ्यांच्या आधी कोपऱ्यातलं टेबल धरलं होतं.

अॅम्प्लिफायरमधला एकेक कपॅसिटर घ्यायचा, बाकीचे नाहीतच असं समजायचं आणि त्या एकाचा टाइम कॉन्स्टंट, म्हणजे तो किती उशीर लावतो ते, काढायचा. सगळ्यांच्या उशिरांची बेरीज केली की अॅम्प्लिफायर किती किलोहर्ट्झला दम टाकणार ते कळतं. निदान अंदाज तरी. तो काढून पायलने सीआरओ या सिग्नल दाखवणाऱ्या यंत्राच्या पडद्यावरची लाट उतरेपर्यंत तासभर मोजलंही होतं. परीक्षेला बसलेल्या बाकी तिघांचं दहा मिनिटांत आटोपलं होतं.

परीक्षक अकोल्याचे. सकाळपासून पंख्याखालची खुर्ची काही त्यांनी सोडली नव्हती. त्यांनी तिघांचे कागद तिच्यापुढे सरकवले. मोजलेले आकडे कसे, सख्ख्या भावांसारखे: ब्याऐंशी, ब्याऐंशी पॉइंट एक, एक्क्याऐंशी पॉइंट नऊ.

“सगळ्यांचं जुळते. तुझंच काहून जुळत नाही?”

“सर, या रीतीनं अंदाज कमीच येते. मोजलं की जास्त भरते. मी खरंच मोजलं, सर.”

“आता मले शिकवून राहिली तू?”

पायलने लॅब अटेंडंट पुंजारामकडे पाहिलं. तीस वर्षं तो याच खोलीत होता. मागच्या महिन्यात विभागप्रमुखांनी रजिस्टरात ‘सर्व यंत्रे चालू’ लिहून खाली त्याची सही घेतली होती, आणि निवृत्तीला चार महिने उरले होते. पुंजाराम खिडक्या लावू लागला.

परीक्षकांनी नापास लिहिलं. पायलने बॅग उचलली आणि ती निघून गेली. तिला थांबवायला कुणीच उठलं नाही.

खोली रिकामी झाल्यावर पुंजारामने कपाटातून कापडी कव्हरं काढली. कव्हर घालण्याआधी यंत्र निवलं का, हे हात लावून पाहायची त्याची जुनी सवय. पहिला सीआरओ थंडगार. दुसरा, तिसराही तसाच, दोन वर्षांपासून.

कोपऱ्यातला अजून गरम होता. तो निवेपर्यंत पुंजाराम कव्हर हातात घेऊन उभा राहिला.